जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी बघताना बॉनेट नंतर उघडा, आधी टायर बघा

तुमचा प्रश्न असा की १४ वर्षांची, पावणेदोन लाख किलोमीटर पळालेली ऑल-व्हील-ड्राइव्ह (म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाणारी) गाडी बऱ्यापैकी स्वस्तात मिळतेय, इंजिन छान चालतंय, तर तिच्यात काय काय बिघडतं आणि दुरुस्तीला किती जातात. मी अशीच एक सहा वर्षं वापरली, घेतली तेव्हा १२ वर्षांची होती, तर तोंड पोळून घेतलेला माणूस सांगतोय असं समजा.

पहिली गोष्ट, इंजिन छान चालतंय यावर जाऊ नका. इंजिन तर कुठल्याही जुन्या गाडीत बघायचंच असतं, पण ऑल-व्हीलमध्ये पैसे खाणारं सगळं सामान गाडीच्या पोटाखाली असतं, आणि ते कसं वापरलं गेलंय हे टायर सांगतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, साधारण सारखेच झिजलेले आहेत का? दोन नवे आणि दोन जुने दिसले की मी तरी तिथेच सावध होईन.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडखळायची, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी, आणि खालून धड-धड असा हादरा यायचा. पहिल्या मेकॅनिकने पाच मिनिटं चालवून सांगितलं गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल. दुसऱ्याने गाडी चालवलीच नाही, खाली बसला, ट्रेड मोजायची पट्टी काढली आणि चारही टायरच्या खाचा मोजल्या. पुढे ८ मिलिमीटर, मागे ४. आधीच्या मालकाने विकण्याआधी फक्त पुढचे दोन बदलले होते, गाडी चकाचक दिसावी म्हणून.

आता ४ मिलिमीटरने काय होतंय असं मलाही वाटलं होतं, पण हिशोब करून बघा. टायरचा घेर साधारण २ मीटर धरला तर नवा टायर एका किलोमीटरला ५०० वेळा फिरतो. ट्रेड ४ मिलिमीटर कमी म्हणजे घेर जवळजवळ २५ मिलिमीटर कमी, म्हणजे तो टायर त्याच किलोमीटरला ५०६ वेळा फिरणार. शंभर किलोमीटर गेलात की पुढच्या आणि मागच्या चाकांत सहाशेच्या वर फेऱ्यांचा फरक, तोही सरळ रस्त्यावर, आणि हा सगळा फरक पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारं बिचारं मधलं कपलिंग घसरून घसरून पचवत बसतं. सुबारूवाले (जपानी कंपनी) तर चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको म्हणतात, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आतबाहेर, माझा त्याच्या चौपट होता.

जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये हे कपलिंग व्हिस्कस प्रकारचं असतं, आत प्लेटा आणि सिलिकॉनचं दाट द्रव असतं, घसरण झाली की ते द्रव गरम होतं आणि प्लेटा एकमेकींना ओढतात. सतत गरम होत राहिलं की ते द्रव कायमचं बिघडतं आणि कपलिंग सोडायचं नावच घेत नाही, मग वळणावर तो हादरा. माझे चारही टायर बदलून ऑइल बदललं तर हादरा निम्मा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, वर्षभराने कपलिंग बदलावंच लागलं. म्हणून तुम्ही ट्रायल घ्याल तेव्हा गाडी चांगली गरम होऊ द्या (गार गाडीत हे लपून राहतं), मग मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. रेडिओ बंद, एसी बंद, विकणाऱ्याच्या गप्पाही बंद.

खर्चाचं म्हणाल तर आकडा सांगण्यात अर्थ नाही, गाडीगणिक भाव बदलतो, त्यापेक्षा मी टायरमध्ये मोजतो, म्हणजे त्या गाडीच्या एका चांगल्या टायरची किंमत हे माप. ढोबळच आहे, पण अंदाज येतो. पुढच्या ट्रान्सफर युनिटचं (गिअरबॉक्सची ताकद मागे पाठवणारा भाग), मागच्या डिफरन्शियलचं (ती ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा भाग) आणि गिअरबॉक्सचं ऑइल, तिन्ही मिळून एक-दीड टायर. व्हील बेअरिंग मजुरीसकट दोनेक टायर, ते गेलं की वेगात घुंऽऽ आवाज येतो आणि स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे केलं की तो कमी-जास्त होतो. एक्सलच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेलं वेळेत दिसलं तर एका टायरच्याही आत सुटता, नाही दिसलं तर आत धूळ-पाणी जाऊन जॉइंट वाजायला लागतो, कट-कट-कट, मग अख्खा एक्सल. चाकाच्या आतल्या बाजूने बोट फिरवून बघा, ग्रीस उडालेलं हाताला लागतं.

मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट जरा फसवा. त्याच्या मधल्या बेअरिंगचं रबर सुटलं की ठरावीक वेगाला सीटखाली थरथर जाणवते, लोक चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात. बेअरिंग असतं छोटंसंच, पण बऱ्याच कंपन्या ते सुटं देत नाहीत, अख्खा शाफ्ट घ्या म्हणतात, म्हणजे चार-सहा टायर गेले. जुना शाफ्ट दुरुस्त करून देणारे लोक असतात, आधी त्यांना विचारा.

ट्रान्सफर युनिट मात्र खरं दुखणं. ते गिअरबॉक्सला चिकटून, सायलेन्सरच्या गरम पाइपाच्या शेजारी असतं, आत ऑइल एक लिटरही नसतं बऱ्याचदा, आणि वर लिहिलेलं असतं की हे आयुष्यभर बदलायची गरज नाही. कोणाच्या आयुष्यभर ते लिहीत नाहीत. त्या ऑइलचं काळं डांबर होतं, जळका वास येतो, मग बेअरिंग आणि गिअर जातात, आणि नवं युनिट म्हणजे दहा-बारा टायर. हॅल्डेक्स कपलिंगवाल्या (व्हिस्कसऐवजी कॉम्प्युटरने चालणारा क्लच असलेल्या) गाड्यांचंही तसंच, तिथे इलेक्ट्रिक पंप असतो, त्याच्या पाचव्या पिढीत तर बदलायचा फिल्टरच नाही, पंपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, ती क्लचच्या झिजलेल्या चुऱ्याने तुंबते आणि पंप जळतो. पंप काढून जाळी धुतली असती तर तासा-दोन तासाचं काम होतं.

डॅशबोर्डवर ऑल-व्हीलचा दिवा लागला असेल तर लगेच हाय खाऊ नका. कितीतरी वेळा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) एक सेन्सर गेलेला असतो आणि गाडी सावधगिरी म्हणून मागचा ड्राइव्ह बंद करते, अर्ध्या टायरचं काम. पण गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड बघितल्याशिवाय विकणाऱ्याच्या 'फक्त सेन्सर आहे हो' वर विश्वास ठेवू नका, बॅटरीची तार काढून दिवा पुसणारेही भेटतात.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. टायमिंग बेल्ट असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नाही तर बदललाच नाही असं धरा आणि वॉटर पंपासकट खर्च किमतीतून कमी करा. गाडी सुबारूची जुनी २.५ लिटर बॉक्सर इंजिनवाली असेल तर हेड गास्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) हा तिचा जगजाहीर आजार आहे, बॉक्सरमध्ये सिलिंडर आडवे असल्यामुळे ऑइल नाहीतर कूलंट पाझरलेलं खालूनच दिसतं, त्यामुळे रॅम्पवर चढवल्याशिवाय घेऊ नका. ते काम बरेच जण इंजिन खाली उतरवूनच करतात, डझनाच्या वर टायर धरा.

म्हणजे तुमच्या गाडीचे चारही टायर जुळत असतील, गोल फिरवताना अडखळत नसेल आणि ऑइल बदलल्याची कागदपत्रं असतील तर मी घेईन, घेतल्या घेतल्या तिन्ही ऑइल बदलेन आणि तीन-चार टायरचे पैसे बाजूला ठेवेन. टायर जुळत नसतील तर चार नव्या टायरचे आणि एका कपलिंगचे पैसे किमतीतून कापून मागा, तेवढे कमी करत नसेल तर सोडून द्या. आणि हो, बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढत नेऊ देऊ नका, चारही चाकं वर असतील अशाच गाडीवर घालून न्या, माझ्या नव्या कपलिंगची तसल्याच एका ओढण्यात वाट लागता लागता वाचली.