हिमनदी, हिमानी, हिमनग: यातलं चालतं कोण?

प्रश्न असा: ‘ग्लेशियर’ला हिमनदी म्हणावं की हिमानी? आणि हिमनग त्याहून वेगळा कसा?

हिमनदीच म्हणावं. हिमानी शब्द जुना आणि देखणा आहे, पण त्यात हालचाल नाही. ‘हिमारण्ययोर्महत्त्वे’ या वार्तिकानुसार (पाणिनीच्या सूत्राला जोडलेल्या पूरक नियमानुसार) हिम आणि अरण्य यांना ‘आनी’ लागतो तो मोठेपणा दाखवायला. अरण्यानी म्हणजे मोठं रान, तशी हिमानी म्हणजे बर्फाची मोठी रास. अमरकोशातही ‘हिमानी हिमसंहतिः’ एवढंच आहे. ग्लेशियरच्या मुळाशीही लॅटिन ‘ग्लासिएस’, म्हणजे नुसता बर्फ.

वाहणं दिसतं ते हिमनदीत. खरं तर ‘नद्’ धातूचा अर्थ आवाज करणे, पण नदी म्हटलं की मराठी माणसाला प्रवाहच आठवतो. बर्फाचा थर पुरेसा जाड झाला की तळाचा बर्फ स्वतःच्याच वजनाने लवतो आणि उताराकडे सरकतो. वरचा ठिसूळ राहतो, त्यामुळे उतार वाढला किंवा वळण आलं की त्याला भेगा पडतात. वेग बहुधा दिवसाला काही सेंटिमीटर. पण ग्रीनलंडमधली याकोब्सहाव्न २०१२च्या उन्हाळ्यात दिवसाला ४० मीटरहून जास्त सरकत होती.

हिमनगाची गंमत उलटी. नग म्हणजे ‘न गच्छति’, जो जात नाही तो, अर्थात डोंगर. आणि हिमनग तर हिमनदीच्या टोकाचा तुटून पाण्यात तरंगत निघालेला तुकडा! म्हणून ‘हिमनग वितळून गंगेला पाणी येतं’ हे वाक्य चूक. तिथे गंगोत्री हिमनदी आहे.

हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीला हिमोढ म्हणतात: हिम + ऊढ, म्हणजे हिमाने वाहिलेलं. नवोढेतलाच हा ‘ऊढ’, धातू वह्.

हिमालयातल्या बोलींचे स्वतःचे शब्द आहेत: गढवालात बामक, कुमाऊंत गल, लाहौलमध्ये शिग्री. त्यामुळे ‘बडा शिग्री हिमनदी’ म्हणताना हिमनदी दोनदा येते. नकाशात रूढ झालंय, चालवून घ्यावं. ‘हिमनदी फुटली’ हे मात्र चालवून घेऊ नये. बहुतेक वेळा फुटतो तो हिमनदीच्या पाण्याचा, हिमोढाने अडवलेला तलाव. बर्फ-दगडांचा कडा सुटून आला असेल, तर ‘हिमकडा कोसळला’ म्हणावं.