आखाजीचा रस आणि ३१२

आखाजी, म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया, होऊन चारच दिवस झाले होते. साठीच्या एक मावशी सुनेसोबत माझ्या जळगावच्या मधुमेह सल्ल्याच्या खोलीत आल्या. सुनेने पिशवीतलं साखर मोजायचं मशीन टेबलावर ठेवलं, तेही जरा आपटूनच.

"ताई, सकाळी उपाशीपोटी १२४ होती आणि जेवणाआधी ३१२! आत्यांनी गुपचूप रस पिऊन घेतला, पण कबूल करत नाहीत."

मावशींचे डोळे भरून आले. "मी रस तोंडमा बी टाका नही व माय!"

खोटं मशीन बोलतं की माणूस, हा तंटा माझ्याकडे नेहमी येतो, आणि घरात निकाल बहुधा माणसाविरुद्धच लागलेला असतो. मी फक्त बोट टोचण्याआधीचा अर्धा तास विचारला. लेकी माहेरी आलेल्या, सून खापरावर मांडे टाकत होती. आणि आंबे? "मीच पिळले, दोन पाट्या." मग पदराला हात पुसले आणि लगेच बोट टोचलं.

टेबलावर केळी होती (जळगावात नसती तरच नवल). एक सोलून मी माझंच बोट टोचलं : २१४. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं : ९८. सून मशीनकडे बघतच राहिली. रक्ताचा थेंब इवलासा असतो, बोटावरची फळाची साखर त्यात मिसळली की आकडा उडी मारतो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती नीट निघत नाही. बोट ओलं राहिलं तर उलटंच, रक्त पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो.

"मग त्या दिवशी केलं काय?"

"साखर उतरवायची ग्लिमेपिराइडची एक गोळी जास्तीची दिली. आणि ताटातले मांडे काढून घेतले."

चार वाजता मावशींना दरदरून घाम सुटला, हात थरथरले. ऊन लागलं समजून लेकीने साखर घातलेलं लिंबूपाणी पाजलं. ते ऊन नव्हतं, साखर उतरली होती. नशीब, लेकीने पाणी साधं दिलं नाही!

इथे मात्र मी आवाज चढवला. विचित्र आकडा आला की आधी हात धुवून पुन्हा तपासायचं. दुसऱ्यांदाही ३०० च्या वर आला तर डॉक्टरांना फोन, पण गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही. ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. मशीनच्या तपासणी पट्ट्यांची डबी पत्र्याच्या खोलीत ठेवतात असंही कळलं. मे महिन्यात! ती घरातल्या गार कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवायला सांगितलं.

निघताना मावशींनी हळूच विचारलं, "रस कधीच नही का?" जेवणातली एक पोळी कमी करून अर्धी वाटी, वर साखर न घालता, आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी तपासा, असं मी म्हटलं. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी तेव्हाची मर्यादा १८० ठरवली होती.

पंधरवड्याने वही आली. अक्षर सुनेचं. "रस अर्धी वाटी, दोन तासांनी १७२." आणि प्रत्येक आकड्यापुढे, न चुकता : "आत्यांनी हात धुतले."