सरावाआधी दोन कॅन

प्रश्न : मुलगा 16 वर्षांचा, वजन 50 किलो. संध्याकाळी फुटबॉलच्या सरावाआधी एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन पितो. हल्ली रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणतो. काय करावं? – एक आई, फोंडा

उत्तर : आधी कॅन फिरवून बारीक अक्षरं वाचा, मुलांनी पिऊ नये, असं त्यावरच छापलेलं असतं. आपल्याकडे लिटरला 300 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये 75 पर्यंत, दोनमध्ये 150. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने मुलांसाठी दिवसाला किलोमागे 3 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. तुमच्या मुलाची ती दोन कॅनमध्येच संपते. चहा, कोला वेगळाच. सहाला प्यायलेल्यातलं जवळपास निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. मग झोप कुठून येणार? 'शुगर फ्री' घेतलं तर साखर टळते, कॅफीन नाही.

धडधड थांबेपर्यंत सराव बंद ठेवा, डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. कॅन आजच बंद. दोन-तीन दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, घाबरू नका. गोव्याच्या दमट हवेत घामावाटे मीठ जातं, ते कॅफीनने भरून येत नाही. सराव पुन्हा सुरू झाला, की त्याच्या तासभर आधी मीठ घातलेली पेज द्या, मैदानावर साधं पाणी. घामाने निथळला, तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण.