निक्सन पडले, कारण चौतीस जमले नाहीत

मागच्या लेखात वॉटरगेटवर, म्हणजे अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कार्यालयात झालेल्या चोरीवर आणि ती दडपण्याच्या प्रकरणावर लिहिलं, त्याला निमित्त होतं ९ ऑगस्टचं. आपल्याकडे तो क्रांतिदिन. १९७४ साली त्याच तारखेला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन राजीनामा देऊन व्हाइट हाउसमधून बाहेर पडले. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, असं लेखात स्पष्ट म्हटलं होतं. तरी दोघांनी फोन करून संबंध विचारलाच. नाही हो, खरंच नाही. बाकीचे प्रश्न मात्र चांगले आलेत. थोडी काटछाट करून देतो.

प्रश्न (जुळे सोलापूर, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी): सर, चोरी निक्सननी केली नाही, आणि आधी करायला सांगितली होती याचाही पुरावा नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग राजीनामा कशाबद्दल दिला?

नंतरच्या सहा दिवसांबद्दल, असं म्हण. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयात पाच माणसं पकडली गेली. हातात रबरी मोजे, सोबत कॅमेरे आणि चोरून ऐकायची यंत्रं. त्यातला एक, जेम्स मॅकॉर्ड, निक्सन यांच्याच निवडणूक समितीच्या सुरक्षेचं काम पाहणारा निघाला. इथपर्यंत 'कार्यकर्ते अतिउत्साही होते' म्हणून हात झटकता आले असते. आपल्याकडे झटकतातच की.

पण २३ जूनला निक्सन आणि त्यांचे मुख्य सहायक हाल्डमन आपल्या कार्यालयात बसून बोलले. ठरलं ते असं: सीआयए या गुप्तहेर संस्थेकडून एफबीआय या तपास संस्थेला सांगायचं की तपास थांबवा, यात देशाच्या सुरक्षेचा मामला आहे. म्हणजे एका सरकारी यंत्रणेच्या तोंडून खोटं वदवायचं आणि दुसरीचा तपास अडवायचा. हे बोलणं ध्वनिमुद्रित झालं, कारण निक्सन यांनी १९७१ पासून स्वतःच्याच कार्यालयात गुपचूप यंत्रं बसवून घेतली होती. या प्रकरणात टेप दोन आहेत, बघ. एक चोरांनी दाराच्या कुलुपावर लावलेली, वॉचमनला दिसलेली चिकटपट्टी आणि दुसरी ही. पहिलीने चोर सापडले, दुसरीने मालक.

परीक्षेपुरतं एक लक्षात ठेव. 'निक्सन यांच्यावर महाभियोग झाला' असा पर्याय दिसला तर त्यावर खूण करू नकोस. महाभियोगाचा आरोप अमेरिकी संसदेचं खालचं सभागृह, प्रतिनिधिगृह, ठेवतं आणि निवाडा वरचं सभागृह, सिनेट, करतं. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीने जुलै १९७४ च्या अखेरीस आरोपांची तीन कलमं मंजूर केली, पण पूर्ण सभागृहात मतदान व्हायच्या आत ते गेले. ज्यांच्यावर खरोखर महाभियोग झाला ते तिघे, अँड्र्यू जॉन्सन, क्लिंटन आणि ट्रम्प (ट्रम्प यांच्यावर तर दोनदा). सिनेटमध्ये त्यांतला एकही दोषी ठरला नाही.

प्रश्न (नवी पेठ, कापड व्यापारी): जो माणूस पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकतो, त्याला चोऱ्या करायची गरज काय?

काही गरज नव्हती. नोव्हेंबर १९७२ मध्ये फक्त मॅसॅच्युसेट्स राज्य आणि राजधानीचा जिल्हा त्यांच्या विरोधात गेला. पण सवय गरज बघत नाही. १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रं वृत्तपत्रांत छापून आली, तेव्हा अशा 'गळत्या' बुजवायला व्हाइट हाउसमध्ये एक टोळी तयार झाली. तिला नाव दिलं 'प्लंबर'. कागदपत्रं फोडणाऱ्या डॅनियल एल्सबर्गची बदनामी करायला काही सापडतं का, म्हणून तिने त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना फोडला. हे वॉटरगेटच्या आधी नऊ महिने. तेव्हा पकडले गेले नाहीत, म्हणून पुढे धीर चेपला. गिऱ्हाईक दुकानात रांगेने उभं असतानाही ज्याला माप मारायचा हात लागलाय तो मारतोच, हे तुम्हाला मी काय सांगू!

प्रश्न (अशोक चौक, निवृत्त यंत्रमाग कामगार): म्हणजे पेपरवाल्यांनी अध्यक्षाला पाडलं, हे खरं ना?

अर्धं. वुडवर्ड आणि बर्नस्टीन या 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या दोघा तरुण बातमीदारांनी विषय मरू दिला नाही, हे त्यांचं काम मोठंच. पण त्यांना वाट दाखवणारा माणूस होता एफबीआयमधला दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट. त्याने स्वतः हे कबूल केलं २००५ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर. शिवाय न्यायाधीश जॉन सिरिका होते, त्यांना खटल्यात आरोपी सांगत होते त्यावर विश्वास बसेना. सिनेटची चौकशी समिती होती, तिचं कामकाज घरोघरी टीव्हीवर दिसत होतं. त्याच समितीपुढे १६ जुलै १९७३ ला अलेक्झांडर बटरफील्ड यांना विचारलं गेलं की अध्यक्षांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रणाची सोय आहे का. ते हो म्हणाले. व्हाइट हाउसमध्ये काम केलेला माणूस, शपथेवर होता, खरं बोलला. मला विचाराल तर निक्सन तिथेच संपले. पुढचं वर्ष त्या फिती कुणाच्या हाती पडायच्या याच्या भांडणात गेलं.

प्रश्न (बार्शी, वकील): त्या फितींपैकी एकीतली साडेअठरा मिनिटं पुसलेली निघाली, ती पुसली कुणी? आणि सर्वोच्च न्यायालयात निक्सन यांनी नेमलेले न्यायाधीश असताना निकाल विरोधात कसा गेला?

पुसली कुणी ते सिद्ध झालं नाही. फीत २० जून १९७२ ची, चोरीनंतर तीन दिवसांची. निक्सन यांच्या सचिव रोझ मेरी वुड्स म्हणाल्या, फोन घेताना चुकून बटण दाबलं गेलं असेल आणि पाय पेडलवर राहिला असेल. मग छायाचित्रकारांसमोर त्यांनी ते करून दाखवलं. एक हात मागच्या फोनकडे ताणलेला, पाय पुढे पेडलवर. ते चित्र पाहून कुणाचा विश्वास बसला असेल असं वाटत नाही. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की पुसणं एकदाचं नाही, किमान पाच वेळांचं आहे.

निकालाचं म्हणाल तर, फिती द्या असा तो होता, २४ जुलै १९७४ ला, आठ विरुद्ध शून्य. त्या आठांत सरन्यायाधीश बर्गर यांच्यासह तिघे निक्सन यांनी नेमलेले होते. चौथे रेन्क्विस्ट आधी याच सरकारच्या न्यायखात्यात होते, म्हणून ते स्वतःहून बाजूला बसले. युक्तिवाद असा होता की अध्यक्षाचं खासगी बोलणं न्यायालय मागू शकत नाही. न्यायालय म्हणालं, असा विशेषाधिकार असतो, पण फौजदारी खटल्यातला पुरावा अडवण्यापुरता तो ताणता येणार नाही. वकीलसाहेब, 'विशेषाधिकार आहे, पण' हे वाक्य त्यातलं खरं सोनं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर तो निकाल इतका टिकला नसता.

त्याआधी ऑक्टोबर १९७३ मध्ये एका शनिवारी रात्री निक्सन यांनी फिती मागणाऱ्या विशेष अभियोक्ता (या प्रकरणासाठी नेमलेले सरकारी वकील) कॉक्स यांना काढायला सांगितलं. महान्यायवादी, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांच्या खालच्या रकल्सहाउस यांनीही नकार दिला आणि पद गमावलं. तिसऱ्या माणसाने, बोर्क यांनी, काम केलं. आदेश पाळायला तिसरा मिळतोच, फक्त तोवर सगळ्या देशाला कळलेलं असतं.

प्रश्न (पंढरपूर): आपल्याकडे घोटाळे काय कमी झाले? मग आपला पंतप्रधान असा का पडत नाही?

हा प्रश्न सात जणांनी विचारलाय, म्हणून जरा सविस्तर.

आधी निक्सन नेमके कशाने पडले ते बघू. २३ जूनच्या फितीचा मजकूर ५ ऑगस्टला बाहेर आला. ७ तारखेला त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे तीन नेते भेटायला गेले. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, सिनेटमधले पक्षनेते ह्यू स्कॉट आणि प्रतिनिधिगृहातले जॉन ऱ्होड्स. गोल्डवॉटर म्हणजे १९६४ चे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार, कडवे पक्षनिष्ठ. ते तिथे नीतिशास्त्र शिकवायला गेले नव्हते, आकडा सांगायला गेले होते. सिनेट शंभरांची, दोषी ठरवायला सदुसष्ट लागतात, म्हणजे वाचायला चौतीस. साहेब, चौतीस जमत नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सन यांनी टीव्हीवर राजीनामा जाहीर केला.

गावात सरपंचावर अविश्वास येतो तेव्हा आपण काय विचारतो? सदस्य किती फुटले आणि सहलीला कुठे नेले! हिशेब तोच.

आता आपल्याकडे या. पंतप्रधानावर महाभियोग नसतो, अविश्वास ठराव असतो, आणि त्याला साधं बहुमत पुरतं. कागदावर हे अमेरिकेपेक्षा कितीतरी सोपं. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७०, एका मताने गेलं. पण ते आघाडीतला मित्रपक्ष बाहेर पडला म्हणून. बहुमतातल्या पक्षाच्या खासदाराने स्वतःच्या नेत्याविरुद्ध हात वर केला, तर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याची खासदारकी जाऊ शकते. आपला गोल्डवॉटर जाऊन सांगेल काय, तर 'साहेब, मत तुम्हालाच द्यायचंय, पण मन लागत नाही.'

कायदा उगाच आला नाही. १९६७ नंतरचे आयाराम-गयाराम ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. पण झालं असं की दोन तृतीयांश सदस्य मिळून दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर संरक्षण आणि एकट्याला शिक्षा. चादरीच्या बाजारातल्या भाषेत, किरकोळ बंद, घाऊक चालू. महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत पाहिलंच आहे, इथे एक माणूस फुटत नाही, गठ्ठा फुटतो. आणि गठ्ठा सदसद्विवेकबुद्धीने फुटल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. १९९० मध्ये निवडणूक सुधारणांसाठीच्या गोस्वामी समितीने सुचवलं होतं की ही बंदी सरकारच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतीच ठेवा. तसं झालं तरी पंतप्रधानाला त्याच्याच खासदारांनी सांगायची वेळ येते, तिथे ती राहणारच.

बरं, कायदा नव्हता तेव्हा तरी काय झालं? १२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची १९७१ ची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. कारणं निक्सन यांच्या मानाने किरकोळ होती. सरकारी सेवेतल्या यशपाल कपूर यांचा प्रचारासाठी वापर आणि सभांच्या मंचाला, विजेला सरकारी अधिकाऱ्यांची मदत. पण खासदारकी रद्द आणि सहा वर्षं अपात्रता. त्या वेळी पक्षांतरबंदी नव्हती. काँग्रेसच्या संसदीय पक्षाने काय केलं? विश्वास जाहीर केला. चंद्रशेखर आणि आपले मोहन धारिया असे मोजके वेगळे बोलणारे होते. धारियांना मार्चमध्येच मंत्रिपदावरून जावं लागलं होतं, चंद्रशेखर आणीबाणीत तुरुंगात गेले. २५ जूनला आणीबाणी आली, मग निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदलला आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक वैध ठरवली. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाबाहेर ठेवणारं ३९ व्या घटनादुरुस्तीतलं कलम मात्र त्याच निकालात उडालं. त्यांना पाडलं शेवटी १९७७ मध्ये मतदारांनी.

म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडे पंतप्रधान मतपेटीत पडतो आणि त्याच्या खालचे दिल्लीच्या इशाऱ्यावर पडतात. १९५७-५८ चं मुंध्रा प्रकरण घ्या. आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटींच्या आसपास रुपये एका उद्योगपतीच्या कंपन्यांत घातले गेले. लोकसभेत ते उघडं केलं फिरोझ गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्याच खासदाराने आणि पंतप्रधानांच्या जावयाने. न्या. छागलांनी उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अंतुले जानेवारी १९८२ मध्ये गेले ते न्या. लेंटिन यांनी सिमेंटचं वाटप आणि ट्रस्टच्या देणग्या यांची सांगड दाखवली म्हणून. दोघेही पुढे केंद्रात मंत्री झाले. निक्सन पुन्हा कुठल्याच पदावर आले नाहीत.

उलट बाजूही सांगायला हवी. तेव्हा अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत बहुमत विरोधी डेमोक्रॅट पक्षाचं होतं. चौकशी समित्या त्यांच्या हातात होत्या. रिपब्लिकन बहुमत असतं तर गोल्डवॉटर गेले असते का? मला शंका आहे.

प्रश्न (अक्कलकोट, शिक्षिका): निक्सननंतर अध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी निक्सनना माफी दिली ते योग्य होतं का?

नाही. महिनाभरात, ८ सप्टेंबर १९७४ ला दिली. देशाला पुढे जायचंय, हा त्यांचा युक्तिवाद मला पटतोसा वाटतो आणि मग आठवतं की हाल्डमन, निक्सन यांचे सल्लागार एर्लिकमन आणि माजी महान्यायवादी मिचेल तुरुंगात गेले. आदेश पाळणारे आत आणि ज्यांच्यासाठी पाळले ते समुद्रकिनारी. फोर्ड १९७६ ची निवडणूक हरले, त्यात या माफीचा वाटा मोठा होता.

प्रश्न (होटगी रस्ता, रात्रपाळीचे वॉचमन): सर, त्या बिल्डिंगच्या वॉचमनचं पुढं काय झालं? ते कुणीच लिहिना.

तुमचं खरंय, मीही लिहिलं नव्हतं. त्याचं नाव फ्रँक विल्स, वय चोवीस, पगार आठवड्याला ऐंशी डॉलर. फेरी मारताना तळघराच्या दाराच्या कुलुपावर चिकटपट्टी दिसली. सफाईवाल्यांनी लावली असेल म्हणून त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीला बघतो तर पुन्हा लावलेली. मग त्याने पोलिसांना फोन केला.

काही दिवस मुलाखती झाल्या, कौतुक झालं. नोकरी त्याने सोडली, पुढे धड काम मिळालं नाही. २००० साली बावन्नाव्या वर्षी गरिबीतच गेला. त्याने त्या रात्री लिहिलेली ड्यूटीची नोंदवही मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेली आहे. तुम्ही ठेवता तशीच, वेळ आणि पुढे दोन ओळी. रात्री १ वाजून ४७ मिनिटं, दारांना टेप सापडली, पोलिसांना बोलावलं.