नीटचा क्लास आणि परसातली वानरं

ताई, नमस्कार.

चिपळूणहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बारावीला आहे, नीटचा क्लास चालू आहे. पण अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट सपोल्स्की यांचं माणसाच्या वागण्यावरचं ‘बिहेव’ वाचल्यापासून ती म्हणते, ‘डॉक्टर नाही, माणूस असा का वागतो ते शोधायचंय, त्यावर पुस्तकं लिहायचीत.’ परसात वानरं आली की ताटावरून उठून जाते. आणि तुम्ही विचारता, यात पोट भरेल का?

आधी पुस्तकाचं बोलू. ‘बिहेव’ २०१७ मध्ये आलं. सपोल्स्की केनियात बबून माकडांमागे पहिल्यांदा गेले ते १९७८ च्या सुमारास, म्हणजे मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली. तिथे ते फुंकनळीने बाण मारून बबूनला भूल देत आणि ताणाची संप्रेरकं मोजायला रक्त घेत. बाण रोज ठरावीक वेळीच मारायचा, कारण संप्रेरकं दिवसभरात वरखाली होतात. त्या दिवशी तो नर भांडलेला नको, आजारी नको, आणि बाण येताना त्याला दिसता कामा नये. एवढं जुळलं तर एक नमुना! तिला आवडलेली पानं अशा सकाळींतून आली आहेत. हे तिला जरूर सांगा, घाबरवायला नव्हे. ऐकून डोळे चमकले तर समजा पोरगी याच वाटेची आहे.

सपोल्स्की एमबीबीएसवाले नाहीत. हार्वर्डला जैविक मानवशास्त्र, मग रॉकफेलर विद्यापीठात मेंदू आणि संप्रेरकांवर पीएचडी. आपल्याकडे त्याच्या जवळची वाट म्हणजे पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधन-शिक्षण संस्थेत पाच वर्षांचं बीएस-एमएस, म्हणजे विज्ञानातली पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र. त्यासाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा. नीटचा अभ्यास तिथे वाया जात नाही, मात्र गणितही विचारतात. तिने गणित सोडलं असेल तर आजच बोला, हा मुद्दा फार उशिरा लक्षात येतो. मुंबईत टीआयएफआर या टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य ताण आणि मेंदू यांवरच काम करतात. त्यांच्याविषयी तिला वाचू द्या.

आता पोटाचं. पीएचडीला नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. घरावर बोजा पडत नाही. पण कायमची नोकरी तिशी उलटल्यावर मिळते, तीही सगळ्यांना नाही. नुसत्या पुस्तकांवर घर चालेल असं मी म्हणणार नाही; सपोल्स्कीही स्टॅनफर्डला शिकवत शिकवतच लिहीत आले.

क्लास लगेच बंद करू नका. तिला एक वही द्या. रविवारी एकच टोळी धरायची, दर दहा मिनिटांनी घड्याळ बघून लिहायचं: कोण कोणाजवळ बसलंय, कोण कोणाच्या उवा काढतंय, कोण उठून गेलं. ‘रागावलं’, ‘रुसलं’ असे शब्द नकोत, फक्त दिसलं ते. आठ रविवार झाले की ती वही मला पाठवा, मग आयएटीचं पुढचं तिच्याशीच बोलेन.