खारबांधाच्या अहवालावर ठराव करण्याआधी

खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध फुटून शेतात उधाणाचं पाणी शिरतंय, तिवरं (खाऱ्या पाण्यातली कांदळवनाची झाडं) उगवलीत, आणि बांध पुन्हा घालावा की खाजण (बांधाआडची खारी जमीन) सोडून द्यावं यावर सल्लागाराचा दहा वर्षांचा अंदाज ग्रामसभेपुढे आलाय, हे तुमचं वाचलं आणि आमचंच प्रकरण डोळ्यांसमोर आलं. सातबारा, परवानग्या तुम्हाला ठाऊक असतीलच.

आधी परिशिष्ट उघडा. पाण्याचे नमुने कुठल्या महिन्यातले? आम्हाला ज्या कार्यालयाने अंदाज दिला (नाव घेत नाही) त्यांनी ते फक्त श्रावणात घेतले. तेव्हा डोंगराचं पाणी उतरून खाडी वरच्या अंगाला जवळजवळ गोडी असते. वैशाखात तीच खाडी समुद्राच्या बरोबरीला जाते, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ. उन्हाळ्यात क्षार मातीतून वर चढतात आणि पाऊस लांबला की रोपं जागीच करपतात. मातीची क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या (मातीच्या अहवालात क्षार याच मापात असतात) पुढे गेली की भाताचा उतारा घटायला लागतो. आम्ही उन्हाळी नमुने जोडून लेखी विचारलं. उत्तर आलं, ‘अहवाल अंतिम आहे’. बांध झाला, शेतं मिठाने पांढरीच राहिली, आणि कालवं-तिसऱ्या (खाडीतले शिंपले) काढणाऱ्या बायकांची जागा बांधाआड गेली. त्यांच्या कमाईला अहवालात रकानाच नव्हता! याचा राग अजून जात नाही.

माझं ठाम मत: एकच आकडा देणारा अंदाज परत पाठवा. बांध जागेवर घातला तर, मागे सरकवला तर आणि काहीच केलं नाही तर, अशा तिन्ही बाबतींत भात, मासळी, कालवं आणि विहिरींचं काय होईल ते किमान-कमाल मर्यादेसह मागा. शिवाय त्यांच्या पद्धतीला जुनी स्थिती देऊन आजची खाडी ओळखता येते का, ते दाखवायला सांगा. लँडसॅट उपग्रहांची ३० मीटर तपशिलाची चित्रं १९८० च्या दशकापासूनची फुकट मिळतात; तिवरं कुठून कुठे सरकली ते त्यात दिसतं. भरतीच्या चार-पाच वर्षांच्या नोंदींवरून समुद्र चढल्याचा निष्कर्ष काढला असेल तर हटकून विचारा, कारण चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्रानेही भरतीची उंची कमी-जास्त होते.

मी वकील नाही, तेव्हा हे तपासून घ्या: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खासगी जमिनीतली कांदळवनंही तोडता येत नाहीत. तिवरं शेतात पसरली की तिथे बांध घालणं अवघड, म्हणून निर्णय लांबवला तर खाडीच तो घेते. कुठल्या टप्प्यानंतर बांधाचा पर्याय उरणार नाही, हे अहवालात लिहिलेलं हवं.

जाता जाता, एक साधा क्षारतामापक घ्या. उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) दोन्ही बाजूंना, अमावस्या-पौर्णिमेला आणि अष्टमीला, भरतीत आणि ओहोटीत मोजून वहीत लिहा. कालवं काढणाऱ्या बायकांना सोबत घ्या, पाणी कधी बदललं ते त्यांना आधी कळतं. ती वही ठरावाला जोडा आणि पोचपावती घ्याच.