गुडघा करकरतो म्हणून बैठका सोडलेल्या ताई

"बैठका मारताना गुडघा करकर वाजतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, वंगण संपलंय. मग बंदच केलं सगळं." वय ४४, शाळेत शिक्षिका. गेल्या आठ महिन्यांत बैठकाच नव्हे, तर जिना आणि जमिनीवर मांडी घालून बसणंही ताईंनी सोडलं होतं.

त्यांना आधी चार गोष्टी विचारल्या. आवाजाबरोबर दुखतं का? सूज येते का? गुडघा मधेच अडकतो का? चालताना दगा देतो का? चारही उत्तरं 'नाही'. पूर्वी मार लागलेला नव्हता. अशा वेळी एक्स-रेची घाई नको.

खुर्चीवर बसून पाय सरळ करताना तळहात गुडघ्याच्या वाटीवर ठेवायला सांगितलं. रवा भाजताना उलथन्याला लागतो तसा बारीक खरखरीतपणा त्यांच्या हाताला जाणवला. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते, आणि त्या दोन पृष्ठभागांवरची कूर्चा, म्हणजे हाडावरचा लवचिक थर, कायम आरशासारखी गुळगुळीत राहत नाही. एकदाच 'कट्' होऊन लगेच पुन्हा न होणारा आवाज वेगळा. सांध्यातला दाब एकदम उतरला की द्रवात वायूची पोकळी तयार होते, बोटं मोडताना होतं तेच. करकर संधिवाताच्या गुडघ्यातही असते आणि ठणठणीत गुडघ्यातही, म्हणून नुसत्या आवाजावरून निदान होत नाही.

खरं नुकसान 'वंगण' या शब्दाने केलं होतं. सांध्याचं अस्तर तो द्रव सतत बनवत असतं, तो डब्यातल्या तेलासारखा संपत नाही. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या द्रवातूनच होतं, आणि त्यासाठी तिच्यावर दाब पडून सुटावा लागतो. म्हणजे गुडघा जपण्यासाठी ताईंनी जे बंद केलं, तेच त्याला हवं होतं.

मग हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं. नऊ वेळा. साठीच्या बाईकडूनही किमान बाराची अपेक्षा असते. दुखणं नव्हतं, पण मांड्या दुबळ्या झाल्या होत्या.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, एवढंच ठरवलं. खुर्चीवर जाड उशी ठेवून बसणं-उठणं, आठच्या तीन फेऱ्या, खाली जाताना मनात तीन अंक मोजत. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, १२ वेळा. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, १५ वेळा. दोन आठवड्यांनी उशी काढली, पाचव्या आठवड्यात १० सेंटिमीटर उंचीच्या पाटावरून एक पाय सावकाश खाली टेकवणं सुरू केलं.

बसता-उठताना चुका होतात त्या ठरावीक. गुडघे आत वळतात, टाचा उचलल्या जातात, शेवटची चार इंच उतरताना अंग धपकन टाकलं जातं. ताईंचा डावा गुडघा आत जायचा. आरशासमोर उभं राहून गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवल्यावर ते सुधारलं. गुडघा बोटांच्या पुढे जाऊच द्यायचा नाही, हा नियम मात्र आम्ही सांगत नाही. जिना उतरताना तो पुढे जातोच. दुखण्याचा हिशेब असा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी निवळलं तर चालू ठेवा, टिकलं तर फेऱ्या निम्म्या करा.

दहाव्या आठवड्यात त्या ३० सेकंदांत १४ वेळा उठल्या. करकर तशीच आहे, आणि मांडी घालून बसणं पुन्हा सुरू झालंय.

त्यांच्या पुतण्याची गोष्ट मात्र वेगळी. कबड्डी खेळताना पाय मुरगळला, 'टप्' आवाज आला आणि दोन तासांत गुडघा सुजला. अशा वेळी व्यायाम नाही, चोळणं नाही. बर्फ कपड्यात गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, पायावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.